आवाज दिल्याची पावती

अकरा तारखेला दुपारी बारा वाजून सात मिनिटांनी मी ‘बसू का?’ असं विचारलं, आणि आमच्या संस्थेतली एक हजार एकशे चाळीस माणसं जागेवरून उठली. त्यांनी खिडक्या लावल्या, पंखे बंद केले आणि ती एक शब्दही न बोलता रांगेनं इमारतींबाहेर निघून गेली.

असं काही घडलेलं नाही. चौकशी अहवालाच्या पहिल्याच ओळीत तसं स्पष्ट म्हटलं आहे. त्याखाली माझीही सही आहे, त्यामुळे मी तरी त्याविरुद्ध बोलणार नाही. खरं म्हणजे मी कशाहीविरुद्ध बोलणार नाही, कारण मला बोलायला बंदी आहे. म्हणून लिहून देतोय.

मी संस्थेच्या आवक-जावक विभागात लिपिक आहे. आलेल्या पत्रावर आवकचा शिक्का मारायचा, जाणाऱ्यावर जावकचा, आणि चुकून दोन्ही शिक्के एकाच पत्रावर पडले तर ते पत्र कपाटाच्या मागे टाकायचं. पद हंगामी होतं आणि हंगाम तीन वर्षं चालू होता. अकरा तारखेची मुलाखत पार पडली की मी कायम होणार होतो. मी कायम झालो की आईला शेजारीपाजारी ‘अजून बघतोय’ऐवजी ‘लागलाय’ असं सांगता येणार होतं. घरात एवढ्या एका शब्दाची तीन वर्षं वाट बघणं चाललं होतं.

आता यंत्रणेचं सांगतो. आमच्या चार इमारती, एक प्रयोगशाळा, एक ग्रंथालय आणि मधे मैदान. संकटाच्या वेळी वाजवायला पूर्वी भोंगा होता. मागच्या वर्षी प्रयोगशाळेत धूर झाला तेव्हा तो वीस मिनिटं वाजला. जेवणाची सुट्टी लवकर झाली असं समजून लोक कॅन्टीनमध्ये रांग लावून उभे राहिले. धूर कॅन्टीनपर्यंत आला तेव्हा, आज काहीतरी करपलंय, एवढीच चर्चा झाली.

हे आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना फार लागलं. साहेब आधी गणवेशातल्या नोकरीत होते. नियमाप्रमाणे इमारत चार मिनिटांत रिकामी व्हायला हवी असं ते दिवसातून इतक्या वेळा सांगत, की त्यांचं नाव ‘चार मिनिटं’ पडलं होतं. त्यांनीच नवी यंत्रणा मागवली: प्रत्येक खोलीत लाउडस्पीकर, प्रत्येक दारावर ओळखपत्र वाचणारी डबी, आणि हे सगळं चालवणारं एक करडं लोखंडी कपाट. कपाट दुसऱ्या मजल्यावर, सभागृहाशेजारच्या खोलीत बसवलं. त्याला एक हिरवा दिवा होता.

कपाटाबरोबर कंपनीचा एक माणूस आला. तो इतका हळू बोलायचा की त्याच्या कंपनीनं लाउडस्पीकरच्या धंद्यात का पडावं हे कळायचं नाही. त्याच्या बुटांचाही आवाज येत नसे.

“भोंग्याला माणूस दचकतो, पण त्याचं ऐकत नाही,” तो म्हणाला. “माणूस माणसाचं ऐकतो. तुमच्यातलाच एक आवाज हवा.”

मग आवाजाच्या चाचण्या झाल्या. ग्रंथपालांच्या आवाजात सूचना लावली, तर लोक गप्प बसले आणि तसेच बसून राहिले. क्रीडा शिक्षकांच्या आवाजात लावली, तर लोक धावत सुटले, आणि दोघं अजून लंगडतात. कुलसचिव मॅडमच्या आवाजात लावली, तर लोक टेबलाखाली गेले. शेवटी मॅडमची सही घ्यायला फाइल घेऊन मी तिथं उभा होतो म्हणून मला कागद दिला. मी वाचलं, “आग लागली आहे. कृपया बाहेर पडा.”

कंपनीच्या माणसानं कानावरचे हेडफोन काढले. “पुन्हा वाचा.”

वाचलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “म्हणजे खरंच काही नाही. तुमच्या आवाजात काहीच नाही. राग नाही, भीती नाही, आपुलकी तर अजिबात नाही. मी बावीस वर्षं आवाज ऐकतोय, इतका रिकामा आवाज मिळाला नव्हता.”

तो हे इतक्या आदरानं म्हणाला की अपमान कुठून सुरू करून घ्यावा ते मला समजेना.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, “त्यात नवीन काय. तू जन्मलास तेव्हा रडलाससुद्धा कळवल्यासारखा. नर्स म्हणाली, हा बाळ आहे की निरोप्या.”

समोरच्या दारात राहणारे काका तेव्हा आमच्याकडे पेपर न्यायला आले होते. काकांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. पस्तीस वर्षं इतरांचे आवाज इकडून तिकडे जोडून दिल्यामुळे या विषयावर आपलाच शेवटचा शब्द, असं त्यांना वाटतं.

“देतोयस ते दे,” काका म्हणाले. “पण पावती घे.”

“आवाजाची पावती?”

“वस्तू हातातून गेली की पावती घ्यायची. तू आवक-जावकला ना? मग तुझीच जावक झाली, तिची नोंद कुठे?”

मला हसू आलं. माझं हसू म्हणजे तोंडाचा डावा कोपरा किंचित सरकतो. काकांना ते दिसलं नसावं, कारण त्यांनी पावती दोन प्रतींत घ्यायला सांगितलं.

ध्वनिमुद्रण तीन दिवस चाललं. व्यायामशाळेच्या जुन्या गाद्या भिंतींना लावून एक खोली तयार केली होती. तिथं आवाज तोंडातून निघाला की लगेच मरायचा. मला वाटलं होतं, पाच-सहा वाक्यं म्हणायची असतील. कंपनीच्या माणसानं सहाशे बारा शब्दांची यादी पुढे केली. वाक्यं लागत नाहीत, म्हणाला, शब्द सुटे द्या, सिस्टीम हवी तशी जोडून घेईल. मग मी सुटे शब्द देत बसलो. आग. पाणी. वायू. जिना. उजवा. डावा. एकपासून नव्व्याण्णवपर्यंत आकडे. मी. तुम्ही. व्यक्ती. आत. बाहेर. कायम. आई.

“‘आई’ कशाला?”

“घरच्यांना कळवायला.”

“आणि ‘कायम’?”

“‘हा दरवाजा कायम बंद ठेवा.’”

तिसऱ्या दिवशी दुपारी एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. ‘जिना’ म्हटलं की पूर्वी डोळ्यांसमोर आमच्या घराचा जिना यायचा, कठड्याचा रंग उडालेला. आता नुसता जि आणि ना यायचे, जिना येत नव्हता. कोणीतरी मागून एकेक शब्द रिकामा करून नेतंय आणि सालं माझ्या तोंडात ठेवतंय, असं वाटत होतं. मी कंपनीच्या माणसाला तसं सांगितलं. तो म्हणाला, पाणी प्या.

शेवटी काकांचं आठवलं म्हणून विचारलं, “पावती मिळेल का?”

“पोच सिस्टीम देईल,” तो म्हणाला, आणि चाचणीसाठी माझ्या ओळखपत्राची एक प्रत काढून कपाटात ठेवून दिली. कपाटाचं दार लावल्यावर हिरवा दिवा एकदा मिणमिणला. कोणी ओळखीचं दिसल्यावर आपण मान हलवतो तसा.

त्यानंतर कवायती सुरू झाल्या.

पहिल्या कवायतीत इमारती रिकाम्या व्हायला अकरा मिनिटं लागली, कारण लोक डबे आणि छत्र्या घ्यायला परत गेले आणि लेखापाल बाहेर आलेच नाहीत, त्यांची बेरीज अर्धी होती. ‘चार मिनिटं’ साहेबांनी पुन्हा कवायत लावली. मग पुन्हा. आठवड्यातून एकदा, मग दोनदा. तिसऱ्या कवायतीत लोक कुरकुरत होते, चौथीत विनोद करत होते, पाचवीत विनोद संपले. सातव्या कवायतीत माझा आवाज सगळ्या भिंतींतून एकदम म्हणाला, “कृपया. बाहेर. पडा,” आणि तीन मिनिटं बावन्न सेकंदांत सगळी संस्था मैदानावर उभी होती. पानं वाजत नव्हती, त्या दिवशी वारा नव्हता. अकराशे माणसं हात खाली सोडून इमारतीकडे बघत होती. कोणी खोकलंसुद्धा नाही.

साहेब माझ्याशेजारी उभे होते. “काही ऐकू येतंय?” त्यांनी हळूच विचारलं.

मी मानेनं नाही म्हटलं.

“तेच,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात इमारतीतून माझाच आवाज आला. “दुसरा. मजला. एक. व्यक्ती. आत. आहे.”

डोकी मोजली. माझ्यासकट एक हजार एकशे एक्केचाळीस. हजेरीप्रमाणे बरोबर. पुन्हा मोजली, पुन्हा बरोबर. आवाज मात्र दर अर्ध्या मिनिटानं सांगतच होता: एक व्यक्ती आत आहे. सूर तोच, ‘रजा मंजूर आहे’ सांगावं तसा.

“तुमचा आवाज आहे, तुम्हीच बघून या,” साहेब म्हणाले. नियमात हे बसतं का, असं मी विचारणार होतो, पण नियम त्यांनीच लिहिला होता.

रिकामी संस्था मी याआधी पाहिली नव्हती. सुट्टीच्या दिवशी असते ती वेगळी, तिला आपण रिकामे आहोत हे माहीत असतं. ही नुकतीच सोडलेली होती. टेबलांवर चहा वाफाळत होता. एका फळ्यावर ‘म्हणू’पर्यंत लिहिलं होतं आणि खडू खाली ठेवला होता, पडला नव्हता, ठेवला होता. लेखापालांचा कॅल्क्युलेटर अजून चालू होता. मी जिना चढत होतो आणि प्रत्येक वळणावरचा स्पीकर मला सांगत होता, व्यक्ती आत आहे. दुसऱ्या मजल्यावर आलो तसा तो म्हणाला, “व्यक्ती. जिना. जवळ. आहे.”

मी जिन्याजवळच होतो. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग मी मुद्दाम चार पावलं पुढे गेलो. “व्यक्ती. जिना. जवळ. नाही,” आवाज म्हणाला, आणि जरा थांबून, “व्यक्ती. आत. आहे.” म्हणजे व्यक्ती दोन होत्या, आणि त्यातला कोणता मी, हे त्यानं सांगितलं नाही.

सभागृहाशेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत कपाट होतं आणि हिरवा दिवा होता. आणखी कोणी नाही. मी कपाटाला कान लावला. आतून अगदी बारीक आवाजात कोणीतरी शब्द लावून बघत होतं: जिना. व्यक्ती. आई. व्यक्ती. मी. मी. मी.

मी कंपनीच्या माणसाला फोन लावला.

“हां, चाचणीचं कार्ड आत राहिलंय,” तो म्हणाला. “सिस्टीम ते एक माणूस धरते.”

“ते आत बोलतंय.”

“फावल्या वेळात सराव करतं. चांगली कंपनी आहे आमची.”

“कार्ड काढून टाकतो.”

“काढू नका. काढलंत तर एक व्यक्ती बेपत्ता दाखवेल. मग ती सापडेपर्यंत कवायत संपणार नाही.”

अकराशे माणसं उन्हात उभी होती. मी कार्ड तसंच ठेवलं आणि खाली जाऊन ‘काही नाही’ असं सांगितलं. माझी तिथं मोठी चूक झाली, पण ती त्या वेळी अगदी नीट दिसली नाही. चुका माझ्याकडे नेहमी आवक म्हणून येतात, त्यांचं काय करायचं ते जावकच्या वेळी कळतं.

कवायतींबरोबर घरच्यांना कळवणंही सुरू झालं. कवायत संपली की प्रत्येकाच्या घरी फोन जायचा. बाकीच्यांच्या घरी माझा आवाज म्हणजे कोणा परक्याचा आवाज. आमच्या घरी मात्र तो माझाच: “आई. मी. सुरक्षित. आहे. काळजी. करू. नका.” पुढे यंत्रणा तपासायची म्हणून हा फोन रोज दुपारी दीड वाजता व्हायला लागला, सुट्टीच्या दिवशीही. मी आईला सांगितलं की तो मी नाही.

“तू कशाला असशील,” ती म्हणाली. “तू कधी फोन करतोस? हा रोज करतो. वेळेवर करतो. आणि ‘करू नका’ म्हणतो, ‘करू नकोस’ नाही.”

एका सुट्टीच्या दुपारी मी आईसमोर जेवायला बसलो होतो आणि फोन वाजला. आईनं तो स्पीकरवर टाकला आणि भिंतीला टेकवून ठेवला. भिंतीजवळून मी म्हणालो, मी सुरक्षित आहे. ताटावरून मी म्हणालो, “आई, आमटी वाढ.”

“हळू बोल,” आई मला म्हणाली. “त्याचं ऐकू येत नाहीये.”

इकडे संस्थेत लोक बदलले होते. म्हणजे तसेच होते, फक्त मी बोललो की बदलायचे. पहिल्यांदा कॅन्टीनमध्ये झालं. मी म्हटलं, “एक चहा.” कॅन्टीनवाल्यानं गॅस बंद केला, फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्या बाजूनं निघून मैदानावर जाऊन उभा राहिला. मी बराच वेळ थांबलो. मग मला वाटलं, त्याला काही काम आठवलं असेल. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात ‘हे पुस्तक कुठे मिळेल?’ असं विचारलं, तर सोळा वाचक उठून निघून गेले, खुणेच्या दोऱ्या पानांत घालून. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. काहीच नव्हतं. माझ्या आवाजात जे नव्हतं तेच त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

आमच्या विभागातल्या शेजारच्या टेबलावरच्या ताई मायाळू आहेत. त्यांनी एका कागदावर लिहून मला दिलं, की मी त्यांना उत्तर देऊ नये म्हणून: ‘काल तू “स्टेपलर द्या” म्हणालास. आम्ही सगळे मैदानात गेलो. तिथं पाऊण तास कशासाठी उभे होतो ते कोणालाच सांगता येईना. कामाचा खोळंबा होतो रे. बोलत जाऊ नकोस.’

मी चिठ्ठ्यांवर आलो. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. पण कायम होण्याची मुलाखत तोंडी होती.

“आवाज बदल,” समोरचे काका म्हणाले. “एक्स्चेंजमध्ये आम्ही तक्रारवाल्यांशी दुसऱ्या आवाजात बोलायचो.” त्यांनी मला दोन संध्याकाळ शिकवलं. तोंडावर रुमाल धरून, मग नाकातून, मग बारीक. बारीक आवाजात मी ‘आई’ म्हटलं, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, बसा, तो येईलच इतक्यात.”

हे ऐकून आम्हाला उमेद आली. बारीक आवाज ठरला.

अकरा तारखेला बाराला पाच मिनिटं असताना मी सभागृहाबाहेर बसलो होतो. भिंतीपलीकडे कपाट होतं. आत गेलो. मध्यभागी कुलसचिव मॅडम, त्यांच्या उजवीकडे ‘चार मिनिटं’ साहेब, आणि डावीकडे बाहेरून बोलावलेले एक वयस्क सदस्य, जे आमच्या संस्थेत पहिल्यांदाच आले होते आणि बिस्किटं बघत होते. मॅडमनी मान वर केली. माझ्या मनात बारीक आवाज अगदी तयार होता. पण तीन वर्षं ज्या खोलीची वाट पाहिली तिथं आल्यावर माणसाच्या तोंडून निघतो तो त्याचाच आवाज.

“बसू का?” मी म्हटलं.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. साहेबांनी खिडकी लावली. दोघं माझ्याकडे न बघता एकामागे एक बाहेर पडले. समोरच्या इमारतीतल्यांनी कुलसचिव आणि सुरक्षा अधिकारी रांगेत मैदानाकडे चाललेले पाहिले, आणि मग कोणालाच काही ऐकायची गरज उरली नाही. वरच्या मजल्यांवरून, जिन्यांवरून, प्रयोगशाळेतून एकसारखा पावलांचा आवाज येत राहिला आणि संपला. तीन मिनिटं अकरा सेकंद. आमच्या संस्थेचा हा विक्रम आहे, पण तो घडलेला नसल्यामुळे कुठे लिहिलेला नाही.

बाहेरचे सदस्य तेवढे उरले. त्यांनी एकही कवायत केली नव्हती. “हे कुठे गेले?” त्यांनी विचारलं.

“मैदानावर.”

“का?”

“मी बोललो म्हणून.”

त्यांनी उठून खिडकी उघडली. खाली अकराशे चेहरे वर बघत होते, सगळे याच खिडकीकडे. सदस्यांनी हातातलं बिस्किट परत ठेवलं. “त्यांना परत बोलवा,” ते म्हणाले. आता ते माझ्यापासून जरा लांब उभे होते.

मी खिडकीतून ओरडून म्हटलं, “अहो, परत या. काही झालेलं नाही.”

इथं नियमपुस्तिकेतला नववा नियम सांगायला हवा. सूचना दुसऱ्यांदा आली, तर पहिली जागा सुरक्षित नाही असं समजून सर्वांनी दुसऱ्या जागेवर जावं. अख्खं मैदान वळलं आणि वाहनतळामागे निघून गेलं. मी आणखी मोठ्यानं म्हटलं, “मी तो नाही. मी नुसता मी आहे.” तिसऱ्या सूचनेला संस्थेच्या फाटकाबाहेर जायचं असतं. ते फाटकाबाहेर गेले. शेवटच्या माणसानं फाटक लावून घेतलं. तो लेखापाल होता, या वेळी बेरीज सोडून आला होता.

सदस्य खुर्चीत बसले. समोरच्या कागदावर त्यांची नजर गेली, कारण आता बघायला दुसरं काही नव्हतं. “आपण सुरू करू या,” ते क्षीण आवाजात म्हणाले. “तुम्हाला काय काय येतं?”

मी रिकाम्या मैदानाकडे पाहिलं. “एवढंच,” म्हटलं.

तेव्हा शेजारच्या खोलीतून, आणि मग सगळ्या भिंतींतून, माझा आवाज आला. कोणी बटण दाबलं होतं का, हे अहवालात नाही. तो म्हणाला, “सर्व. ठीक. आहे. आत. या.” फाटक उघडलं. सगळे परत आले, आले तसे आपापल्या जागी बसले, पंखे सुरू झाले. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मी तोंडावर हात धरून उभा होतो.

समितीनं पुढचं काम कागदपत्रांवरून केलं. माझ्या नावे हजेरीच्या दोन नोंदी निघाल्या. एकीत तीन वर्षांत बेचाळीस उशिरा येणं, एकोणीस रजा आणि एकदा दुपारी सापडत नसल्याचा शेरा. दुसरी कपाटातल्या कार्डाची: बसवल्यापासून रात्रंदिवस हजर, एक मिनिटही जागा सोडलेली नाही, आणि संकटकाळी एक हजार एकशे चाळीस जणांना परत आणल्याचा उल्लेख.

संध्याकाळी मॅडमनी मला बोलावलं. “अभिनंदन,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कायम झालात.”

मी कागदावर ‘आभारी आहे’ लिहिलं.

“तुम्ही म्हणजे ते,” त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. “तुमचं हंगामीच राहील. त्यांचे सहायक म्हणून. बुधवारी धूळ पुसायची.” मग त्यांनी परिपत्रक पुढे केलं. सदर आवाज ही यंत्रणेची मालमत्ता असून त्या आवाजात यंत्रणेबाहेरून काहीही उच्चारलं गेल्यास ते बनावट समजलं जाईल. आवारात पूर्ण बंदी, इतरत्र शक्यतो. मी सही केली. आवकचा शिक्काही मीच मारला.

घरी पोचलो तेव्हा आई दारात काकांशी बोलत होती. तिचा असा चेहरा मी तीन वर्षांत पाहिला नव्हता.

“लागला,” ती काकांना सांगत होती. “पाच वाजता फोन आला. ‘आई, मी कायम आहे.’ मी दोनदा ऐकलं.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “पावती घेतलीस?” त्यांनी विचारलं. मी मानेनं नाही म्हटलं. मग ते पेपर न घेताच घरी गेले.

मी आईला काही सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं तर ती फोनकडे बघते. रात्री जेवणं झाल्यावर तिनं स्वयंपाकघरातून नेहमीसारखी हाक मारली, “अरे…”

“ओ,” मी म्हटलं.

आई ओल्या हातांनी दारात आली. तिनं आधी फोनकडे पाहिलं. तो बंद होता. मग माझ्याकडे पाहिलं, प्रवासाहून आलेल्या माणसाकडे बघतात तसं.

“तू आहेस होय,” ती म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी धूळ पुसायच्या निमित्तानं ती सहाशे बारा शब्दांची यादी काढून पाहिली. तीनदा वाचली. यंत्रणेला लोकांना हाका मारायच्या असतात, कोणाच्या हाकेला उत्तर द्यायचं नसतं. ‘ओ’ यादीत नाही.

माझी पाठ वळली तेव्हा कपाटाच्या आत कोणीतरी अगदी हलक्या आवाजात शब्द जोडून बघत होतं. आ. आग. उ. उजवा. त्याला अजून सापडलेलं नाही. पण ते सुट्टी घेत नाही. म्हणून हा अर्ज घाईनं करत आहे. यंत्रणेविषयीचे सर्व अर्ज नियमानुसार यंत्रणेच्याच तक्रार विभागाकडे जातात आणि त्यांची पोच ध्वनिक्षेपकावरून दिली जाते, याची अर्जदाराला कल्पना आहे.

तरी विनंती की, अर्जदाराचे सहाशे बारा शब्द संस्थेच्या सेवेत कायम झाल्याबद्दल अर्जदाराची काहीही हरकत नसून, यादीत समाविष्ट नसलेला ‘ओ’ हा एक शब्द अर्जदाराच्या नावे घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात यावा, तो यंत्रणेस शिकवण्यात येऊ नये, आणि तसं लेखी, दोन प्रतींत, कळवण्यात यावं.